किरकोळ खर्च

महापालिका निवडणुकीच्या हवेत वारजे-माळवाडीतील आमच्या दुकानी एक इच्छुक उमेदवार आले होते. चहा झाला, विषय भ्रष्टाचाराकडे वळला. ते म्हणाले, ‘‘शेठ, तुम्ही देता म्हणून घेणारे घेतात. आणि लाचलुचपतवाले कोणाला धरतात? ज्याच्या डोक्यावरचे छत्र गेले, त्याला.’’ भ्रष्टाचार हा व्यवहार आणि तपास हे राजकारण, अशी ही दृष्टी. पक्ष कोणताही असो, ती फारशी बदलत नाही.

त्यांचे दुसरे वाक्य सर्वस्वी खोटे म्हणवत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग राज्याच्या गृहखात्याखाली येतो. 1988 च्या कायद्यात 2018 साली कलम 17अ आले. त्यानुसार अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीलाच पूर्वमंजुरीची अट पडली; खटल्याची मंजुरी निराळी. ज्याच्या हाती मंजुरी, त्याच्यावर संशय येणारच. विरोधक अडकला की कायदा आपले काम करतो. स्वकीय अडकला की षड्यंत्र असते.

मात्र रंगेहाथ सापळ्याला ही अट नाही. 18 ऑगस्ट 2021 रोजी शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेत सत्ताधारी पक्षाच्या स्थायी समिती अध्यक्षांना चार कर्मचाऱ्यांसह लाचेच्या आरोपावरून अटक झाली. तक्रारदार जाहिरात फलकांचा व्यावसायिक होता, म्हणजे आपल्यासारखाच एक व्यापारी. ‘आम्ही लोकप्रतिनिधी, सरकारी नोकर नव्हे,’ ही पळवाटही उरलेली नाही. मनीष त्रिवेदी विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच नगरसेवकास या कायद्यापुरता लोकसेवक ठरविले आहे.

मला अधिक बोचले ते पहिले वाक्य. काही वर्षांपूर्वी एका परवान्यासाठी मी मध्यस्थाच्या हाती पाकीट दिले होते. अडलेल्या महिन्याच्या भाड्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. वहीत लिहिले, ‘किरकोळ खर्च’. वजनमापात कधी गुंजभर खोट न करणाऱ्या माझ्या वडिलांची ती वही. तिच्यात मी खोटी नोंद केली. अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो, हे प्रवचनात अनेकदा ऐकले होते. पाकीट देताना ते आठवले नाही.

आता तर देणाराही आरोपी आहे. 2018 च्या दुरुस्तीनुसार लाच देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवावे, म्हणजे संरक्षण मिळते. देण्याआधीच 1064 या क्रमांकावर कळवून सापळ्यास साह्य केले, तर तो गुन्हाच नव्हे. आपल्या किती पेढ्यांवर ही सात दिवसांची मुदत ठाऊक आहे? सल्लागार जीएसटीच्या तारखा पाठ करून घेतात, ही एक तारीख कोणी सांगत नाही.

हे सारे मी त्या गृहस्थांना ऐकविले. त्यांनी मान डोलावली आणि उठताना प्रचारासाठी ‘काहीतरी’ द्या म्हणाले. मी पावती मागितली. ‘‘पुस्तक गाडीत आहे, पाठवतो,’’ असे सांगून ते गेले. पुस्तक अद्याप आलेले नाही.