पाव गोळीचा हिशेब

केमोथेरपीच्या औषधांत डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची जोडी, तसेच मोठ्या मात्रेतले सिसप्लॅटिन, सर्वांत जास्त उलट्या करवणारी मानली जातात. आधी काही दिले नाही, तर दहातल्या नऊ रुग्णांना उलट्या होतात. त्रास पहिल्याच दिवशी आटोपत नाही. १२० तास, म्हणजे पाच दिवस, तो पुरतो. म्हणून लाल रंगाचे ते डॉक्सोरुबिसिन शिरेत सोडण्याआधी पॅलोनोसेट्रॉन, अ‍ॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन देतात आणि चार दिवस रोज एक ओलान्झापिनची गोळी. ओलान्झापिन मुळात स्किझोफ्रेनियाचे औषध. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन जिथे काम करतात, त्या जागा ते अडवते. मळमळही तिथूनच उठते, म्हणून ते उपयोगी पडते. त्याची मोठी खोड म्हणजे झोप.

ही गोळी किती मिलिग्रॅमची असावी, यावर गेल्या काही वर्षांत झालेले संशोधन वाशीम जिल्ह्याने नीट वाचण्यासारखे आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत नवारी आणि सहकाऱ्यांनी ३८० रुग्णांवर १० मिलिग्रॅमची गोळी आणि औषध नसलेली गोळी यांची तुलना केली. औषध सरस ठरले आणि १० हा आकडा जगभर रूढ झाला. २०२० मध्ये जपानने ७१० रुग्णांवर निम्मी मात्रा वापरून पाहिली. तिचाही फायदा दिसला. त्यानंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी थेट पाव मात्रा घेतली. फेब्रुवारी २०२१ ते मे २०२३ या काळात २७५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी झाली. त्यांत बहुसंख्य स्तनाच्या कर्करोगाचे होते. एका गटाला २.५ मिलिग्रॅम, दुसऱ्याला १०. निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आले.

उलटी नाही, जास्तीचे औषध लागले नाही आणि मळमळ नाही किंवा अगदी किरकोळ, अशी कसोटी होती. पाव मात्रेच्या गटात ४५ टक्के रुग्ण तिला उतरले, पूर्ण मात्रेच्या गटात ४४ टक्के. म्हणजे गुण सारखाच. दिवसा झोप येण्याचे प्रमाण मात्र पाव मात्रेत ६५ टक्के, पूर्ण मात्रेत ९० टक्के. तीव्र गुंगी तर ५ विरुद्ध ४० टक्के. तीव्र गुंगी म्हणजे उठून स्वतःचे स्वतः करणेही कठीण. फवारणीच्या पंपात झाकणभर औषध जास्त टाकणाऱ्या शेतकऱ्याला कृषी विभाग दरवर्षी शहाणपण शिकवतो. इथे तीन झाकणे जास्तीची होती आणि ती टाकत होते तज्ज्ञ.

या अभ्यासात कोणाला कोणती मात्रा मिळते, हे लपवलेले नव्हते. त्यामुळे झोपेचे आकडे थोडे फुगले असतील, असा आक्षेप घेता येतो. पण ५ आणि ४० यांतली दरी तेवढ्याने बुजत नाही. आक्षेपांपेक्षा औषधबाजाराची उदासीनता जास्त नडते. स्वस्त गोळी आणखी कमी द्या, हे सांगायला औषध कंपनीचा कोणता एमआर बॅग घेऊन दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसेल?

जिल्ह्यापुरता या संशोधनाचा अर्थ सरळ आहे. सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे केअर कर्करोग केंद्रे उघडण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. सलाइन वाशीमला लागेल. उलट्या आणि गुंगी मात्र रिसोड, मानोरा, मंगरुळपीरच्या खेड्यांत घरी सोसाव्या लागतील. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत माणसे शेतात असतात. दिवसभर गुंगीत पडलेल्या बाईला पाणी कोण देणार, हा प्रश्न तेव्हा वैद्यकीयच असतो.

घरी सोसले जाणारे हे दुखणे कुणी मोजत नाही, ही या स्तंभाची जुनी तक्रार. वाशीम २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे. अशा जिल्ह्यांच्या क्रमवारीच्या ४९ निर्देशकांत गर्भवतींची नोंदणी आहे, क्षयरोग आहे, बँक खाती आहेत. रुग्णाला किती दुखते, हे कुठेही नाही.  दुखणे डॅशबोर्डवर नाही, म्हणजे जिल्ह्यात नाही, असा हा कारभार. खर्ऱ्याने तोंड उघडेनासे झालेल्या कर्करुग्णालाही वेदना शमवणारे मॉर्फिन मिळावे, म्हणून अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि परवान्यांचे जंजाळ कमी झाले. आता कोणती रुग्णालये मॉर्फिन ठेवतात, याची तालुकानिहाय यादी लावणे अवघड नाही.

लक्षणे विचारण्याचा उपयोग होतो, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत बाश यांच्या अभ्यासात ७६६ रुग्णांपैकी एका गटाने आपली १२ लक्षणे संगणकावरून नियमित कळवली आणि त्रास वाढताच परिचारिकेला सूचना गेली. २०१७ च्या निष्कर्षांनुसार त्या गटाचे मध्यक आयुष्य ३१.२ महिने होते, नेहमीच्या पद्धतीच्या गटाचे २६. हे रुग्ण मोठ्या शहरी केंद्रातले होते. वाशीमला तेवढाच लाभ होईल, असे गृहीत धरता येत नाही. तपासून मात्र पाहता येते. २०२४ पासून इथे १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केमोनंतर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी आशाताईंनी फोन करावा, उलटी, मळमळ, झोप आणि दुखणे हे चारच प्रश्न विचारावेत, महाविद्यालयाने उत्तरांची वही ठेवावी आणि गोळीची मात्रा त्यावरून ठरवावी. आशांना या फोनचा वेगळा मोबदला मिळाला पाहिजे. त्यांच्या डोक्यावर आधीच फुकटची कामे पुष्कळ आहेत.