सरकते म्हणून सरकवू नका!

हैदराबादच्या अशर फरहान यांच्या आराखड्यावरचा बिटएक्स ट्रान्सीव्हर मी मेढ्यात घरीच जुळवला. ७ मेगाहर्ट्झवर गप्पा रंगल्या की पंधरा मिनिटांत समोरच्याचा आवाज बदकासारखा! हॅम मित्रांचा एकच सल्ला, "डिजिटल सिंथेसायझर लाव, मोकळा हो."

मंडळी, मला हे पटत नाही. फ्रिक्वेन्सी सरकणं म्हणजे भुताटकी नव्हे. ऊब लागली की कॉइल आणि कपॅसिटरची मापं बदलतात. एकूण कपॅसिटन्स ०.०१ टक्का जरी वाढला, तरी ५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर २५० हर्ट्झ खाली येतो!

गरम सोल्डरिंग आयर्न एकेका भागाजवळ धरून फ्रिक्वेन्सी बघत बसलो. चोर सापडला. हाताशी एनपीओ नव्हता, म्हणून मीच लावलेला साधा सिरॅमिक कपॅसिटर! तो बदलला, कॉइल मेणाने घट्ट केली, डब्याला झाकण लावलं. आता तासभर गप्पा मारतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येत हौशी रेडिओचा पहिला उद्देश आहे स्वशिक्षण. सिंथेसायझर जरूर लावा, उत्तम चालतो. पण दोष न शोधताच लावलात, तर तुम्ही हॅम कसले? नुसते गिऱ्हाईक!

असो. बघा पटतंय का.