लिटरला १७.२ किलोमीटर: एका आकड्याची साधनचिकित्सा

१/ अहमदनगरला १५४९ साली ओतलेली मुलुखमैदान तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापुरास गेली. तिचा गोळा अमुक कोस जाई, असे कोणी म्हटले की धाराशिवचा तरुण इतिहासप्रेमी लगेच विचारतो: दारू किती, गोळा केवढा, नोंद कोणाची? हाच तरुण गाडीचे अव्हरेज मात्र वेदवाक्य मानतो.

२/ उदाहरणार्थ, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणच्या कारखान्यातली ही चपळ, आटोपशीर गाडी २०१३ मध्ये बाजारात आली. ११९७ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स, ४५ लिटरची टाकी. प्रमाणित इंधनक्षमता लिटरला १७.२ किलोमीटर. कागदावर एका टाकीत ७७४ किलोमीटर!

३/ हा आकडा खोटा नाही; तो संदर्भापासून तोडलेला आहे. असे प्रमाणन करणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर धावते. चाचणी ११८० सेकंदांची, अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३२-३३, कमाल ९०. एसी बंद. घाट नाही.

४/ आता सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा रस्ता घ्या. तुळजापूर बालाघाटाच्या माथ्यावर, सोलापूरहून जवळपास २०० मीटर उंच. माणसांसह १३०० किलोंची गाडी तेवढी वर उचलायला सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. इंजिनातली उष्णतेची गळती धरली, तर केवळ या चढाची किंमत पाव लिटरहून थोडी अधिक पेट्रोल!

५/ वेगाचेही तेच. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० ऐवजी ११० ने गेल्यास तो दीडपट होतो. शिवाय मे महिन्याच्या उन्हात एसी बंद ठेवून कोण जातो?

६/ यावर ठरलेला बचाव असा: चाचणी सर्वांना सारखी, म्हणून तुलना न्याय्य. हा बचाव अर्धाच टिकतो. लहान टर्बो इंजिन हलक्या भारावर काटकसरी असते. त्या वेळी टर्बोवर फारसा ताण नसतो. चढावर, जोरात पाय दाबला की तेच इंजिन कोंबलेल्या हवेबरोबर भरपूर पेट्रोल मागते. म्हणजे रोलरवरचा क्रम घाटात उलटाही होऊ शकतो. ‘स्पोर्टी’ म्हणून विकलेली गाडी संथ चालीवर मोजायची, ही तर सरळ विसंगती.

७/ प्रयोगशाळा आणि रस्ता यांतले अंतर किती घातक ठरते, हे २०१५ मध्ये जगाने पाहिले. याच कंपनीची डिझेल इंजिने चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर धुरकट निघाली. तो घोटाळा धुराचा होता, अव्हरेजचा नव्हे; पण धडा एकच. भारतातही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

८/ उपाय अज्ञात नाही. अमेरिकेत शहर आणि महामार्ग यांचे आकडे वेगळे छापतात. २००८ च्या मॉडेलांपासून त्यांत जादा वेग आणि एसीचाही हिशेब धरला जातो. युरोपने २०१७ पासून जुनी संथ चाचणी टाकून अधिक कठोर चाचणी स्वीकारली. भारतीय ग्राहकाला एकाच ठळक आकड्यावर का भागवावे? पेट्रोलचे पैसे तर तो प्रत्यक्ष रस्त्यावर भरतो.

९/ शहर, महामार्ग आणि एसी चालू, असे तीन आकडे. प्रत्येकाशेजारी चाचणीचा वेग. एवढी मागणी प्रत्येक खरेदीदाराने विक्रेत्यापुढे ठेवावी. बखरीतली संख्या समकालीन कागदाशी ताडून पाहणाऱ्याने पत्रकातली संख्या टाकी भरल्याच्या पावतीशी ताडू नये, याला चिकित्सा म्हणत नाहीत. त्याला भाबडेपणा म्हणतात, आणि त्यावरच जाहिराती पोसल्या जातात.