कोपाच्या मुलांना दीडशे तास खरे काम द्या

मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री
आणि मा. संचालक, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य यांस,



आयटीआयमधल्या कोपा ट्रेडच्या, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंटच्या मुलामुलींसाठी हे पत्र लिहितो आहे. दहावीनंतर प्रवेश, २४ जणांची तुकडी, एक वर्षाचे प्रशिक्षण. तालुक्याच्या गावातल्या ज्या मुलीला शहरात राहून पदवी घेणे परवडत नाही, तिला संगणकाच्या कामात शिरायला घराजवळचा आणि खिशाला झेपणारा रस्ता हाच. मी हा ट्रेड शिकवला आहे. ही मुले कष्टाला कुठेही कमी पडत नाहीत.

वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे. विंडोज, लिनक्स, एक्सेल, डेटाबेस, नेटवर्किंग, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, सारे त्यात बसवलेले. थिअरीचा पेपर संगणकावर आणि बहुपर्यायी प्रश्नांचा. एक्सेलमधले व्हीलुकअपचे सूत्र काय करते, हे मुलगी चार पर्यायांतून बरोबर निवडते. पण दोन गावांच्या लाभार्थी याद्या तिच्यासमोर ठेवून पाहा. एकीत नाव आधी, दुसरीत आडनाव आधी; कुठे नावापुढे रिकामी जागा सुटलेली; बँक खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य एक्सेलने गिळून टाकलेले. तिथे सूत्र चालत नाही आणि ती गांगरते. यात तिचा काय दोष? वर्गात सरावाला येणारी यादी आम्ही निदेशकांनी आधीच साफ करून आणलेली असते.

उपाय अभ्यासक्रमातच लिहिलेला आहे. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी १५० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. पण तशी जागा जवळपास नसेल तर गटाने प्रकल्प करावा, अशी मुभाही सोबत दिली आहे. ग्रामीण भागात या मुभेचाच नियम होऊन बसतो. 'इथे आयटी कंपनी कुठे आहे?' असे म्हणून विषय संपवला जातो.

कंपनी नसेल, पण तहसील कार्यालय आहे. पंचायत समिती आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, बाजार समिती आहे. सातबारा ऑनलाइन, दाखले ऑनलाइन, पीक पाहणी मोबाइलवर, असा सगळा कारभार संगणकावर आणल्यावर या कार्यालयांपेक्षा मोठी कार्यशाळा तालुक्यात दुसरी कोणती?

गोपनीय माहिती पोरांच्या हाती कशी द्यायची, अशी शंका अधिकारी काढतील. शंका रास्त आहे. म्हणून लॉगिन आणि पासवर्ड लागतच नाही, असे काम द्यावे, आणि ते ढिगाने पडलेले आहे. जुनी पत्रे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडकली आहेत; दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता चिखल दिसतो आणि त्यात शोधायचे म्हटले तर काही सापडत नाही. ती युनिकोडमध्ये आणून मूळ प्रतीशी ताडून पाहणे हे कोपाच्या मुलांचे काम. एका टेबलावरचा प्रिंटर चार टेबलांना जोडून देणे, बॅकअपची शिस्त लावणे, आवक-जावक नोंदीसाठी छोटा डेटाबेस बांधणे, हीसुद्धा त्यांचीच कामे. असा डेटाबेस रोज वापरणारा लिपिक जेव्हा 'हे इथे अडतंय' म्हणतो, तेव्हा प्रोग्रामिंग शिकायला खरी सुरुवात होते.

सरकारी कार्यालयांना प्रशिक्षणार्थी नवे नाहीत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्या उमेदवारांना महिना ८,००० रुपये विद्यावेतन ठरले आणि प्रशिक्षणार्थी शासकीय कार्यालयांतही रुजू झाले. प्रमाणपत्रानंतर जे चालते, ते प्रमाणपत्राआधी १५० तास चालायला हरकत नसावी.

आणखी एक. तासिका तत्त्वावरच्या निदेशकाला घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. मुलांबरोबर कार्यालयात उभे राहून शिकवलेला तासही त्यात धरा. नाहीतर मुले तिथे झेरॉक्स काढत बसतील आणि दीडशे तास कागदावर भरतील.

नव्या सत्राचे प्रवेश पूर्ण होण्याआधी महसूल, ग्रामविकास आणि आरोग्य विभागांशी बोलून एक संयुक्त परिपत्रक काढा. कोणती आयटीआय, कोणते कार्यालय, कोणते काम आणि जबाबदार अधिकारी कोण, एवढे चार रकाने त्यात असू द्या. गटप्रकल्पाची मुभा मागणाऱ्या संस्थेकडून आधी लेखी कारण घ्या.

आपला,
कोपाचा एक माजी निदेशक