वजन मोजले, पण ताटाचे काय?

गरोदर महिलेचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन नोंदले जाते. बाळ झाले की अंगणवाडीत त्याचे वजन आणि उंची पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर भरली जाते. कवठे महांकाळच्या वाड्यावस्त्यांवर असो वा शहरात, आईच्या ताटात रोज काय पडत होते, हे मात्र या आकड्यांवरून कळत नाही. ते कळणे का गरजेचे आहे?

सहा गावांचा धडा

याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर महिलांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाच्या १८व्या आणि २८व्या आठवड्यात प्रत्येकीचा आहार नोंदवण्यात आला.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. आईने एकूण किती उष्मांक किंवा प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याच्याशी. म्हणजे पोट भरले का, एवढेच विचारून भागत नाही. कशाने भरले, हेही विचारावे लागते.

पुढे त्याच मुलांची वाढ पाहिली गेली. गरोदरपणी रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. ही मधुमेहाकडे नेणारी वाट. असे निरीक्षण म्हणजे अंतिम पुरावा नव्हे. म्हणूनच याच पिढीला किशोरवयात बी-१२ देऊन पाहणारी चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली.

ताट मोजतात कसे?

मुख्य पद्धती दोन. पहिलीत काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्ले, हे क्रमाने विचारतात. प्रमाण कळावे म्हणून ठरावीक मापाची वाटी, पळी, पेला समोर ठेवतात. दुसरीत पदार्थांची यादी वाचून कोणता पदार्थ आठवड्यातून किती वेळा खाल्ला, ते विचारतात.

काम दिसते तितके सोपे नाही. एका घरची भाकरी दुसरीच्या दीडपट असते. कालवणात पालेभाजी किती आणि पाणी किती, हे स्वयंपाक करणारीलाच ठाऊक. काल संकष्टी असेल किंवा आठवडे बाजार, तर तो दिवस नेहमीसारखा नसतो. सासूसमोर विचारले तर उत्तर बदलते. सर्वांत शेवटी जेवणारी सून आपल्या वाट्याला उरले किती, हे सहसा सांगत नाही. म्हणून वेगवेगळ्या दिवशी आणि हंगामांत पुन्हा विचारावे लागते.

लहान मुलांसाठी निकष सुटसुटीत आहे. सहा ते २३ महिन्यांच्या बाळाला आदल्या दिवशी आठ अन्नगटांपैकी किमान पाच मिळाले का, हे पाहतात. आईचे दूध हा त्यातला एक गट. विविधता आणि जेवणाच्या वेळा असे दोन्ही निकष धरले, तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात या वयाच्या सुमारे ११ टक्के मुलांनाच पुरेसा आहार मिळतो.

दुष्काळी पट्ट्यासाठी अर्थ

कवठे महांकाळ हा सांगलीच्या पूर्वेकडील दुष्काळी तालुका. म्हैसाळ योजनेच्या पाण्यावर येथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पण शिवारात पिकते ते सगळेच घरच्या ताटात येते असे नाही. बागेत मजुरी करणाऱ्या गरोदर महिलेसाठी आणखी एक मोजमाप महत्त्वाचे आहे: कष्टाचे. पुण्याच्या त्याच अभ्यासात शेतकाम आणि घरकामाचा भार जास्त असलेल्या मातांची बाळे आकाराने लहान आढळली होती.

प्रत्येक अंगणवाडीत संशोधन उभारावे, असे नाही. सेविकांवर नोंदींचा बोजा आधीच आहे. पण काही निवडक गावांत प्रशिक्षित, मानधन मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यात चार साधे प्रश्न विचारता येतील: काल पालेभाजी, फळ, दूध खाल्ले का आणि काम किती केले? महिलेची संमती आणि माहितीची गुप्तता आधी हवी. मिळालेले उत्तर तिच्याच भाषेत तिच्यापर्यंत परत जायला हवे.

शिधा वाटला, याची नोंद ठेवणे सोपे असते. तो कोणी खाल्ला, हे विचारणे अवघड. पुढच्या पिढीचा मधुमेह टाळायचा तर अवघड प्रश्न आधी विचारावा लागेल.