गाडीचे दार आतून उघडते ना?

गणपती उठले, पाऊस ओसरला की पेणला काय नि रोह्याला काय, चार महिने कोंडलेल्या वस्तू उन्हात निघतात. गाद्या, गोधड्या, धान्याचे डबे. अंगणात जुनी मोटार असेल तर तिचीही पाळी येते, आणि मग कळते की बाईसाहेबांची दारे रुसली आहेत!

रोह्याच्या घरी मामंजींची १९७८ सालची पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट अकराशे डिलाइट म्हणून निघणारी गाडी १९७४ साली पद्मिनी झाली, तीच ही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या, पण घरोघरच्या अजून आहेत. यंदा हिचे मागचे डावे दार आतून उघडेना. सासूबाई नेमक्या तिथेच बसतात. "त्यात काय, मी उतरून बाहेरून उघडीन," भावजी म्हणाले. मला नाही ते पटलं. वडखळच्या रस्त्यावर काही झालं आणि उघडणारा माणूसच अडकला, तर? अशा दाराशी मुलं-म्हातारी बसवूच नयेत.

बिघाडाचे कारण बहुधा साधे असते. काचेच्या बुडाची रबरी पट्टी कडक झाली की पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरते. ते जायला खालच्या कडेला भोके असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आतच साचते. आपल्याकडे शंभर इंचांवर पाऊस, त्यात खाडीची खारी हवा. जुने ग्रीस वाळून डिंकासारखे होते, त्यावर गंज चढतो आणि खटका जागचा हलत नाही.

म्हणून जोर लावू नका. किल्ली मोडून अर्धी आत राहिली की बसा चावीवाल्याची वाट बघत. खोबरेल तर मुळीच घालू नका; ते थंडीत थिजतं आणि एरवी धूळ धरतं. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवणारा फवारा मिळतो, तो फटीतून खटक्यावर मारून रात्रभर ठेवावा. सकाळी एकाने दार बाहेरून आत दाबून धरावे, दुसऱ्याने हँडल ओढावे. दाबल्याने खटक्यावरचा ताण जातो आणि पुष्कळदा तेवढ्यावर दार उघडते. मात्र उघडले की लगेच लावून पाहायचा मोह आवरा.

पुढचे काम मिस्त्री करतोच, पण हे आणि मी एका रविवारी बसलो. काच पूर्ण वर केली. आतल्या मुठी कशा अडकवल्या आहेत ते पाहून काढल्या (कुठे पिन असते, कुठे स्क्रू), रेक्झिनचा पुठ्ठा क्लिपांवरून हळूच सोडवला आणि आतल्या सळ्यांचा मोबाइलवर फोटो काढला. मग लॉक काढून डिझेलच्या डब्यात बुडवले. डबा बाहेर पडवीत, गॅसपासून लांब! जुन्या टूथब्रशने घासले, वाळवले, नवे ग्रीस अगदी पातळ लावले. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस नको, ग्रॅफाइटची पूड घालावी. नाहीतर मऊ पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासून ती आतबाहेर करावी. खांबावरची पट्टी काढायची तर आधी तिच्याभोवती खडूने रेघ ओढा. मास्तरणीच्या घरी खडूंना काय तोटा!

लॉक बसवल्यावर दार उघडे असतानाच स्क्रू ड्रायव्हरने खटका बंद करायचा आणि आतून, बाहेरून, किल्लीने सोडवून पाहायचा. दहा वेळा तरी. मगच दार लावायचे. पुठ्ठ्यामागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला असेल तर नवा लावावा, आणि खालची भोके जुन्या हेअरपिनने मोकळी करावीत, ती दर मे महिन्यात.

स्प्रिंगच मोडली असेल तर कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दुसरे लॉक शोधावे. डावे-उजवे वेगळे असते, तेव्हा जुने लॉक पिशवीत घालून बरोबर न्यायला विसरू नये.