खिळ्यावरचं रबर

एप्रिल 2016. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हाची गोष्ट. आत्याकडे टँकर आला, हौद भरला, पण मोटार काही पाणी उचलेना. 'फुटबॉल'चं वायसर गेलेलं. (फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात, हसू नका.) "दुसरं आणून ठेवलंय," म्हणत आतोबा ऐटीत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेले. खिळ्यावरचं वायसर काढून जरा वाकवलं, तर बिस्किटासारखं तुटलं. तीन वर्षांत एकदाही न वापरलेलं! मग सगळ्यांनी बादल्या वाहिल्या आणि दुकानदाराला शिव्या घातल्या. "हल्ली रबर हलकंच येतं."

माझं भांडण या वाक्याशी आहे. दुकानदार लबाड असतीलही, पण चांगलं रबरसुद्धा आपणच मारतो, तेही वापरण्याआधी. 1839 साली गुडइयरनं गंधकाच्या मदतीनं रबर टिकाऊ केलं खरं, पण अमर नाही केलं. हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू खातोच, आणि दर दहा अंशांनी हा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. साठवण 25 अंशांच्या आत असावी असं मानकं सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच चाळीसच्या वर, मग पत्र्याखाली काय होत असेल?

खिळा तर त्याहून वाईट. ताणलेल्या रबरावर ओझोन आधी हल्ला करतो आणि ताणाला आडव्या भेगा पडतात. नांदेडच्या काकांच्या गिरणीत पट्टे कुठे टांगलेत? ठिणग्या उडवणाऱ्या स्टार्टरच्या डोक्यावर! ठिणगीतून ओझोन तयार होतो. वर काका "मऊ राहतात" म्हणून त्यांना तेल चोळतात. साध्या रबराला खनिज तेल म्हणजे विष, फुगून पोचट होतं.

खर्च काहीच नाही हो. धुऊन, सावलीत वाळवून, थोडी टाल्कम पावडर लावायची. घडी न घालता, न ताणता, काळ्या पिशवीत बांधून अंधाऱ्या जागी ठेवायचं. पिशवीवर आणल्याची तारीख लिहायची. माळवदाच्या घरातली आतली खोली यासाठी उत्तम होती. ती पाडून आपण स्लॅब टाकले, असो.

दिवाळीत काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "आबांच्या काळापासून पट्टे तिथंच असतात." काका, वाचत असाल तर ते कॉटखालच्या ट्रंकेत ठेवा. रविवारी मी फोन करून विचारणार आहे.